सुटा कप्पा

माणूस घरातून निघताना बरोबर काय काय घेतो, हे त्याला विचारून कळत नाही. तो निम्मंच सांगतो. म्हणून माझ्या दुकानात कोणी पिशवी शिवायला आलं की मी त्याला आधी सगळं फळीवर रिकामं करायला लावायचो. खिसे, कनवट, जुनी पिशवी, सगळं. लोक लाजायचे. खालापूरच्या कचेरीतले एक निवृत्त कारकून आले होते, त्यांनी तर दुकानाचं अर्धं दार लोटून घेतलं आणि मग फळीवर दातांची कवळी ठेवली. त्यांना कवळीसाठी एक कप्पा हवा होता, आणि दुसरा असा की जो बायकोला सापडणार नाही. मी दोन्ही शिवून दिले. आठ दिवसांनी परत आले. म्हणाले, "मास्तर, दुसरा कप्पा मलाच सापडत नाही."

या अंकाचे संपादक माझ्याकडे आले ते अशाच गमती ऐकायला. मी सांगितल्या, ते हसले, चहा पिऊन गेले. त्यांच्या मागे मी बराच वेळ बसून राहिलो. जी गोष्ट सांगायला हवी ती मी पुन्हा एकदा सांगितली नव्हती. ती इथे लिहितो.

आधी धंद्याबद्दल थोडं. माझे वडील कर्जतच्या बाजारात बंड्या आणि सदरे शिवायचे. मीही तेच शिकलो, पण माझा हात पिशव्यांकडे वळला. शेतकऱ्यांची चंची सगळ्यांना माहीत असते: एकच लांब कापड, त्याला पोटात कप्पे, पान एकात, सुपारी एकात, चुन्याची डबी एकात, गुंडाळली की मुठीत मावते. मला लहानपणापासून त्या चंचीचं नवल वाटायचं. माझं म्हणणं असं होतं की जी सोय पान खाणाऱ्याला आहे ती टपालवाल्याला का नसावी, न्हाव्याला का नसावी, तलाठ्याला का नसावी?

तर फळीवर सगळं सामान आलं की मी त्याचे चार ढीग करायचो. सारखं हाताशी लागतं ते पहिल्यात. दिवसातून एक-दोनदा लागतं ते दुसऱ्यात. कधीमधी लागतं ते तिसऱ्यात. आणि कधीच लागत नाही, पण माणूस घरीही ठेवत नाही, ते चौथ्यात. रेल्वेच्या एका गँगमनच्या पिशवीतून बायकी कंगवा निघाला, अर्धे दात मोडलेला. मी विचारलं नाही. चौथ्या ढिगाबद्दल विचारायचं नसतं, त्याला तळाशी जागा करून द्यायची. मग गिऱ्हाइकाला डोळे मिटायला सांगायचं आणि म्हणायचं, चष्मा काढा, किल्ली काढा. हात जिकडे आपोआप जाईल तिकडे तो कप्पा शिवायचा. पिशवी डोळ्यांनी वापरत नाहीत, हाताने वापरतात. एवढाच माझा धंदा, आणि त्यात माझ्या तोडीचा माणूस पनवेलपर्यंत नव्हता, असं मला वाटायचं.

सुट्या कप्प्यांची कल्पना मला भिवपुरीच्या वीजघरातल्या एका लाइनमनमुळे सुचली. तारांचे खांब डोंगरातून गेलेले. हा माणूस खांद्याला पिशवी अडकवून वर चढायचा, पिशवी हेलकावे खायची, पक्कड काढायला गेलं की पाना खाली पडायचा. मी त्याला कमरेचा रुंद पट्टा शिवून दिला. प्रत्येक हत्याराचा कप्पा वेगळा, आणि तो पट्ट्यात सरकवून बटणाने अडकवायचा. ज्या दिवशी जे काम, त्या दिवशी तेवढेच कप्पे लावायचे. बाकीचे घरी. त्याने तो पट्टा सगळ्यांना दाखवला. माझी छाती फुगली.

त्याच सुमाराला, म्हणजे दुसरी मोठी लढाई संपत आली होती तेव्हा, एस्तेरबाई माझ्याकडे आल्या. मुंबईच्या एका शेटजींनी आईच्या नावाने आमच्याकडे तीन खोल्यांचा दवाखाना बांधला होता. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकी सगळा वेळ एस्तेरबाई. नगरकडच्या ख्रिस्ती, मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या, वय पस्तिशीचं असेल. उंच, हाडापेराने मजबूत, बोलणं मोजकं. बाळंतपणासाठी त्यांना लांबलांबच्या गावांहून बोलावणं यायचं, आणि गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर त्या चालत जायच्या. त्यांच्याजवळ कातड्याची एक जुनी पेटीवजा बॅग होती. रिकामीच इतकी जड की मी उचलून बघितली आणि खाली ठेवली.

"ही घेऊन डोंगराखाली जाता तुम्ही?" मी विचारलं.

"दुसरं कोण नेणार?" त्या म्हणाल्या. "मास्तर, लाइनमनचा पट्टा मी पाहिला. मला तसं काहीतरी करून द्या."

त्यांनी फळीवर सामान मांडलं. कात्री, चिमटे, दोरा, कापूस, साबण, रबराचे मोजे, औषधांच्या बाटल्या. चौथा ढीग नव्हताच. एवढ्या वर्षांत चौथा ढीग नसलेलं हे एकच गिऱ्हाईक. मी त्यांना सहा सुट्या कप्प्यांची खांद्याची पिशवी शिवून दिली. कप्पे धुता यावेत म्हणून सुटे. बाटल्यांचा कप्पा सहावा, आतून कापसाची जाड अस्तरं घातलेला, प्रत्येक बाटलीला वेगळी खोबण. त्यात एक काळी बाटली होती. बाळंतीण मोकळी झाल्यावर रक्त थांबलं नाही तर ते औषध द्यायचं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. "ही कधी लागत नाही," त्या म्हणाल्या, "पण लागते तेव्हा तिथल्या तिथे लागते." मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. त्यांचा हात उजवीकडे खाली गेला. तिथे मी तो कप्पा लावला.

वर्षभर ती पिशवी त्यांच्या खांद्याला होती. रस्त्यात दिसल्या की मी पिशवीकडे आधी बघायचो आणि त्यांच्याकडे नंतर.

मग वीजघराच्या स्टोअरच्या साहेबांचा निरोप आला. लाइनमनच्या पट्ट्यासारखे पट्टे सगळ्या माणसांसाठी शिवून घ्यायचा विचार आहे, नाजूक मीटर ठेवायलाही कप्पा हवा, नमुना घेऊन या. नाजूक वस्तूंचा कप्पा म्हणजे एस्तेरबाईंचा सहावा कप्पा. पण नवा शिवायला माझ्याजवळ कापड नव्हतं. तेव्हा कापडावर कंट्रोल होता, रेशनवर मिळणाऱ्या मांजरपाटाचा नमुना साहेबांपुढे ठेवायची मला लाज वाटत होती. मी दवाखान्यात गेलो आणि तो कप्पा एका दिवसासाठी मागितला.

एस्तेरबाईंना ते आवडलं नाही. "रिकामी जागा ठेवून मला निघता येत नाही, मास्तर."

"उद्या सकाळच्या गाडीने भिवपुरीला जातो. दुपारी बाराच्या आत तुमच्या टेबलावर."

त्यांनी विचार केला. त्या दिवसांत कोणाचं बाळंतपण जवळ आलेलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. बाटल्या काढून त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्या, डबा टेबलावर ठेवला, कप्पा झटकून मला दिला. "बारा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी नऊ वाजता स्टोअरच्या बाहेर बाकावर बसलो होतो. साहेब आले नव्हते. दहाला आले नाहीत. अकराला शिपाई म्हणाला, वर पाइपलाइनवर गेलेत, येतील. मी उठलो. मग परत बसलो. आत्ता गेलो तर ते पुन्हा बोलावणार नाहीत, असं मनात आलं. बारा वाजून गेले. कप्पा माझ्या मांडीवर होता. मी त्याची अस्तरं बोटाने दाबून बघत होतो, मऊ आहेत ना, साहेबांच्या हाताला चांगली लागतील ना. तीनच्या सुमाराला साहेब आले. त्यांनी कप्पा उलटसुलट केला, आतमध्ये स्वतःचं घड्याळ ठेवून हलवून बघितलं आणि म्हणाले, "छान. कापड आम्ही देऊ. तुम्ही शिवा."

मी हवेत होतो. गाडीतून कर्जतला उतरलो तेव्हा चार वाजत आले होते. दवाखान्यात झाडलोट करणारी सखूबाई पायरीवर बसली होती.

"बाई कुठे?"

"कडावकडं गेल्या. दहा वाजताच गाडी आलती न्यायला. धोंडूची बायको अडलीय, दिस भरायच्या आधीच."

आत टेबलावर पत्र्याचा डबा होता. मी झाकण उघडलं. बाटल्या सगळ्या होत्या. काळीही होती.

खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो हा की ती बाटली कधी लागत नाही. दुसरा विचार यायच्या आत मी बाटली कप्प्यात घातली आणि निघालो. गाडी मिळाली नाही. कडावचा रस्ता धरून मी निम्मा पळत, निम्मा चालत गेलो. भात कापून झाले होते, खळ्यांवर झोडणी चालली होती, लोक ओळखीने हाक मारत होते, "मास्तर, इतक्या घाईनं?" हा धोंडू माझं जुनं गिऱ्हाईक. कडावच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला त्याचं गाव. दरसाल दिवाळीनंतर नवी चंची शिवून घ्यायचा. त्याची बायको पार्वती एकदा त्याच्याबरोबर दुकानात आली होती. माझ्या मशीनकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "पायानं चालतंय नि हातानं शिवतंय. बरं हाय." तिला बघितलं ते तेवढंच.

कडावच्या अलीकडे मला समोरून बैलगाडी येताना दिसली. गाडी रिकामी होती. एस्तेरबाई गाडीच्या मागून चालत येत होत्या. खांद्याला पिशवी होती, पाच कप्प्यांची. लुगड्याच्या ओच्यावर रक्त वाळलेलं होतं. मी थांबलो आणि हातातला कप्पा पुढे केला.

त्यांनी कप्प्याकडे पाहिलं. "आता नको," त्या म्हणाल्या.

मग थोडं चालल्यावर आपण होऊन म्हणाल्या, "मूल बरं आहे. मुलगी आहे. तिची आई गेली."

"बाई, ती बाटली असती तर?"

"माहीत नाही, मास्तर. औषध देऊनही कधीकधी जातात." कर्जतपर्यंत आम्ही गाडीच्या मागून चालत आलो. त्या मला शिव्या देतील तर बरं, असं मला वाटत होतं. त्यांनी दिल्या नाहीत. बैलांच्या पायांची धूळ अंगावर घेत चालत राहिल्या.

गावात बोलणं सुरू झालं. नर्सबाई औषध घरी विसरून गेली. विसरून गेली म्हणून पार्वती मेली. झोपडीत असलेल्या बायकांनी पाहिलं होतं, बाईंचा हात पिशवीच्या उजव्या बाजूला गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी सगळी पिशवी जमिनीवर ओतली होती. पुढे पार्वतीच्या पोटावर हात दाबून धरून किती वेळ बसल्या होत्या, तेही त्या बायकांनी सांगितलं, पण ते कोणी लक्षात ठेवलं नाही.

पंधरा दिवसांनी मुंबईहून शेटजींचे कारभारी चौकशीला आले. दवाखान्यात डॉक्टर, कारभारी आणि गावातले दोन प्रतिष्ठित बसले होते. मलाही बोलावलं, कारण पिशवी मी शिवली होती. टेबलावर पिशवी होती, आणि सहावा कप्पाही. तो मी त्याच संध्याकाळी परत ठेवला होता. सखूबाईने मला डबा उघडताना पाहिलं असेल, पण तिला कोणी काही विचारलं नाही. एस्तेरबाई भिंतीशी उभ्या होत्या.

कारभाऱ्यांनी कप्पा हातात घेतला. "हा असा सुटा असतो?"

"हो."

"वाटेत निसटून पडू शकतो का?"

प्रश्न इतका साधा होता. मी पुढे होऊन कप्पा पिशवीच्या पट्ट्यात सरकवला, बटण लावलं, धरून ओढून दाखवला. "नाही साहेब," मी म्हणालो. "माझं काम निसटत नाही."

"म्हणजे काढल्याशिवाय निघत नाही."

"नाही."

"मग बाईंनीच काढून ठेवला असणार."

मी एस्तेरबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. त्या नजरेत राग नव्हता. वाट बघणं होतं. वीजघराचं कापड आदल्याच दिवशी आलं होतं, दुकानात छतापर्यंत गठ्ठे लागले होते. साहेबांना कळलं की याच कप्प्यापायी बाळंतीण मेली, तर ते काम राहील का, असं माझ्या डोक्यात चाललं होतं. मी मान खाली घातली. एवढंच केलं. खोटं बोललो नाही. खोटं बोलायची गरजच पडली नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

"पिशवी भरलेली आहे की नाही, ते बघून निघणं माझं काम होतं," एस्तेरबाई म्हणाल्या. "मी बघितलं नाही. नेहमी असते म्हणून खांद्याला लावली आणि गाडीत बसले."

महिनाअखेर त्या गेल्या. मी स्टेशनवर गेलो नाही. पिशवी त्यांनी दवाखान्यातच ठेवली. त्यांच्या जागी बराच काळ कोणी आलं नाही, आणि त्या काळात कडावच्या बाजूला किती बाया अडल्या आणि त्यांचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही.

पट्टे मी वेळेत शिवून दिले. लोक अजून सांगतात की ते पट्टे फार टिकले.

उन्हाळ्यात धोंडू दुकानात आला. कडेवर ती मुलगी, काडीसारखे बारीक हातपाय. तिला बकरीच्या दुधावर वाढवत होता. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, म्हणून शेतावर जाताना तिला झोळीत घेऊन जायचा, आणि बाटलीतलं दूध उन्हाने नासायचं.

"मास्तर, बाटलीला कायतरी पिशवी करून द्या. गार राहील अशी."

मी आतून जाड अस्तराची, ओली करून अडकवता येईल अशी पिशवी शिवून दिली. काही घेतलं नाही. तो संकोचला. "तुमी लय केलंत, मास्तर," म्हणाला. मग मुलीच्या तोंडावरची माशी हाकलत म्हणाला, "ती नर्सबाय लय चांगली होती म्हनतात. मंग इसरली कशी? मानूस असं कसं इसरतं?"

मशीन चालू होतं. मी पाय थांबवला नाही.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. दुसऱ्या भादव्यात त्या भागात हगवणीची साथ आली, लहान मुलं त्यात फार गेली. दिवाळी झाली आणि धोंडू चंचीसाठी आला नाही. आला तो पुसाच्या महिन्यात, कडेवर कोणी नव्हतं. त्याने ती बाटलीची पिशवी फळीवर ठेवली. धुऊन आणली होती.

"ही कोनाला तरी द्या, मास्तर. चांगली हाय अजून. आमाला आता काम नाय."

तो गेल्यावर मी दुकान बंद केलं. त्या दिवशी ठरवलं की धोंडूला जाऊन सगळं सांगायचं. गेलो नाही. मनाशी म्हणायचो, आता सांगून त्याला काय मिळणार? पुढे बरीच वर्षं हे मला खरं वाटत राहिलं. आता वाटत नाही. त्याला निदान कळलं असतं की त्याची बायको कोणाच्या विसरण्याने गेली नाही, माझ्या हावरेपणाने गेली. आता धोंडूही नाही.

एस्तेरबाई मला आणखी एकदाच भेटल्या. स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी खालापूरच्या बाजारात कापड बघायला गेलो होतो. मिरच्यांच्या ढिगापाशी त्या उभ्या होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. खोपोलीत एका गिरणीच्या अधिकाऱ्याच्या घरी मुलं सांभाळायला होत्या, साजगावच्या बाजूला खोली घेऊन राहत होत्या. हे सगळं त्यांनीच सांगितलं, जणू काल भेटलो होतो.

मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," त्या म्हणाल्या.

"बोललो असतो तर तुमची नोकरी राहिली असती."

त्यांनी मिरच्या निवडता निवडता मान हलवली. "नसती राहिली. कोणीतरी लागतंच होतं त्यांना. पण मी ऐकलं असतं ना. त्या खोलीत कोणीतरी एकाने माझ्या बाजूचं एक वाक्य बोललेलं मी ऐकलं असतं."

त्यांनी मिरच्या पदरात घेतल्या आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"ती मुलगी कशी आहे? धोंडूची?" त्यांनी विचारलं. "मी तिला दोन थापट्या मारल्या तेव्हा रडली होती. फार लहान होती. मला अजून आठवते."

"बरी आहे," मी म्हणालो. "हिंडते-फिरते. बापाबरोबर शेतावर जाते."

"आईसारखी दिसते?"

"हो. तशीच."

त्यांचा चेहरा सैल झाला. एवढ्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, ते तिथे पाहिलं. "देवाने ती एक ठेवली," त्या म्हणाल्या, आणि मिठाच्या दुकानाकडे निघून गेल्या.